माझ्याच हातांनी

माझं मंगळसूत्र चोरांनी ओढून नेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. नवऱ्याला, मुलीला, शेजारणींना, पोलिसांना. मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच आठवत होतं.

शनिवार होता. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, त्यामुळे भर दुपारी मी कामोठ्यातल्या घराकडे चालत निघाले होते. आमच्या सोसायटीच्या मागे एक गल्ली आहे. एका बाजूला आमच्या कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधून सोडलेली इमारत आणि तिचं पत्र्याचं कुंपण. वर्दळ नसते, पण सावली असते, म्हणून आम्ही बायका उन्हाच्या वेळी तिथूनच ये-जा करतो. माझ्या खांद्यावर तपासायच्या वह्यांची पिशवी होती आणि हातात भाजीची. मोटारसायकल मागून आली, पुढे जाऊन थांबली. मागे बसलेला उतरला आणि त्यानं मला कुठल्याशा दवाखान्याचा पत्ता विचारला.

त्यानंतरचं मला आठवत होतं ते असं: मानेला बसलेला हिसका, सर तुटल्याचा आवाज, गाडी निघून गेलेली आणि मी भिंतीला हात टेकून उभी. काळे मणी रस्त्यावर घरंगळत गेलेलेसुद्धा मला दिसत होते.

संध्याकाळी नवरा गल्लीत जाऊन मणी शोधून आला. एकही सापडला नाही. "झाडूवाल्यानं लोटले असतील," तो म्हणाला. शेजारणी आल्या, चहा झाला, कोणी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. एकजण माझी मान निरखून म्हणाली, "नशीब बघा, साधा वळसुद्धा उठला नाही." मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पोलीस स्टेशनमध्ये जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनीही विचारलं होतं, "जोरात ओढलं?" मी म्हटलं, "हो, खूप जोरात." त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि पुढे लिहिलं.

दोन-तीन दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. भिंतीवरच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय, पोलीसही येतायत, तुम्ही दोघं ऑफिसात या. आम्ही गेलो. तिथे सेक्रेटरी, एक हवालदार, आणि उत्सुकतेपोटी आलेले दोन-चार रहिवासी होते. मला खुर्ची दिली. मी अगदी ठामपणे बसले. चोर ओळखता येतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पडद्यावर मी आले. मोटारसायकल थांबली. तो उतरला, काहीतरी बोलला. मी मान हलवली. तो आणखी काही बोलला. मग पडद्यावरच्या बाईनं भाजीची पिशवी खाली ठेवली. नीट, कोथिंबीर सांडणार नाही अशी, भिंतीला टेकवून. दोन्ही हात मानेमागे नेले. कडी निघेना, तेव्हा तिनं मान खाली घातली, आरशासमोर घालतात तशी. तो माणूस शांतपणे थांबला होता. त्यानं तिला हातही लावला नाही. कडी निघाली. तिनं मंगळसूत्र तळहातावर गोळा केलं आणि त्याच्या हातात दिलं. तो गाडीवर बसला. ती त्यांच्याकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. गाडी गेली. तिनं पिशवी उचलली आणि ती चालू लागली. भिंतीला हात टेकणं वगैरे काही नव्हतंच.

आवाज नव्हता त्या चित्रणाला.  

"ही मी नाही," असं मी म्हणाले. म्हणजे तसं म्हटल्याचं नवऱ्यानं नंतर सांगितलं.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण... तुमच्या ओळखीचे होते का हे?"

हवालदारानं विचारलं, "चाकू दाखवला का? काही धमकी?"

"आठवत नाही."

"जबाबात तर ओढलं म्हणून लिहिलंय."

माझे कान तापले. कानांपासून ती धग गालांवर, गळ्यावर उतरत गेली. पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला तरी वाटत होतं, सगळे त्या रिकाम्या गळ्याकडेच बघतायत. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता. तिथे आता नुसती रिकामी गल्ली दिसत होती, तरी तो बघत राहिला.

ती क्लिप कुणी पुढे पाठवली, हे मी शोधायला गेले नाही. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आली, मग पालकांच्या. 'सावध राहा' असं वर लिहिलेलं होतं, आणि खाली हसून डोळ्यांतून पाणी काढणारी पिवळी तोंडं. कुणी लिहिलं होतं, 'काकूंनी पॅक करून पण दिलं असतं.' मुलगी रागानं एकेकाला उत्तरं द्यायला निघाली होती. मी तिचा फोन काढून घेतला. ती म्हणाली, "आई, पण तू असं का केलंस? नुसतं ओरडली असतीस तरी वॉचमन आला असता." कॉलेजात जाणारी मुलगी ती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.  मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

नवरा एका शब्दानं बोलला नाही. जेवताना "मीठ दे," सकाळी "येतो." एवढंच. त्यानं ओरडावं असं मला वाटायचं. लग्नात माझ्या गळ्यात ते बांधताना त्याचे हात थरथरत होते, सगळे हसले होते. आणि मी ते भर रस्त्यात, मान वाकवून, परक्या माणसाच्या हातात ठेवलं होतं.

शाळेत तर मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी आठवी-नववीला मराठी शिकवते, आणि कितीतरी वर्षं मुलींचे सुरक्षिततेचे तास मीच घेत आले होते. मैदानात उभं करून त्यांच्याकडून ओरडून घ्यायचे. "पोटातून आवाज काढा! घाबरायचं नाही! गप्प बसतो, त्याचंच जातं!" हे माझंच वाक्य होतं. शिक्षकांच्या खोलीत मी आले की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी घाईनं मला चहा विचारायचं. त्या चहाची चव मला अजून नकोशी वाटते.

शरीरानंही वेगळंच काही मांडलं. फळ्यावर लिहिताना बोटं बधिर व्हायची, खडू कधी पडला ते कळायचं नाही. ब्लाउजचा वरचा हूक लावायला हात मागे नेले की ते तिथेच थिजायचे, मग मुलीला हाक मारावी लागायची. मागून मोटारसायकल आली की मी घाबरायचे नाही, त्याहून विचित्र काहीतरी व्हायचं: आवाज लांब जायचे, कानात कापूस घातल्यासारखे, आणि मी थांबून जे हातात असेल ते खाली ठेवायचे. एकदा बाजारात तांदळाची पिशवी अशीच रस्त्याच्या मधोमध ठेवून उभी राहिले. मागचा रिक्षावाला म्हणाला, "ओ मावशी, टेन्शन आहे का काही? बाजूला व्हा ना." लोक बघत होते. मी पिशवी तिथेच टाकून घरी आले.

त्या महिन्यात मुलींचा तास आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नको असेल तर राहू दे." मी हट्टानं उभी राहिले. नेहमीसारखी सुरुवात केली, "कुणी अंगावर आलं तर पहिली गोष्ट काय करायची?"

नेहमी सगळ्या एका सुरात उत्तर द्यायच्या. त्या दिवशी कुणी बोलेना. मग नववीतली एक मुलगी, उद्धट अजिबात नाही, चांगली सरळ मुलगी, उभी राहिली. "बाई, तुम्ही का नाही ओरडलात?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. त्या गल्लीत निघाला नव्हता, तसाच. मी मैदानातून चालत बाहेर आले, फाटक ओलांडलं, रिक्षा केली आणि घरी आले. पर्सही शाळेतच राहिली होती. दुसऱ्या दिवशी कळलं की तो तास आता पीटीच्या बाई घेणार.

आणखी काही आठवड्यांनी पोलीस स्टेशनमधून बोलावणं आलं. संशयितांचे काही फोटो बघायचे होते. नवरा कामावर होता, त्याला विचारायचं धाडस मला झालं नाही. मी एकटीच गेले. बाकावर माझ्याआधी एक म्हातारी बसली होती. जुन्या गावठाणातली आगरी बाई. हिरवं नऊवारी, अंबाडा, एका मनगटाला प्लास्टर आणि एका कानाच्या पाळीला पट्टी. मी बसल्यावर तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तूच ना ती शालेतली बाय? विडिओतली?"

मी उठायला लागले. तिनं चांगल्या हातानं माझा पदर धरला.

"बस गो. मना बी त्याच चोरांनी गाठला. तुज्या आदी दोन दिस."

तिची गोष्ट मी ऐकून होते. तिनं चोराची मानगूट धरली होती, फरफटत गेली तरी सोडली नव्हती. गळ्यातली सोन्याची माळ वाचली. गावात तिला हार घातला होता, नगरसेवक घरी येऊन फोटो काढून गेले होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो आणि माझी क्लिप शेजारी शेजारी टाकली होती. ती तीच बाई.

"तुम्ही खूप धीट आहात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

 ती इकडे तिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाली, "त्या टायमाला माज्या या हातान नात होती. एवरीशी. त्यानी माल खेचली नि मी पोरीचा हात सोडला. सोडला नि त्याला धरला. पोर गेली रस्त्यावर. टेम्पोवाल्यानी ब्रेक मारला म्हनून, न्हायतर..." तिनं डोळे मिटले. "सोन्यासाठी मी पोरीचा हात सोडला, बाय. ह्या कोनाला दिसला न्हाय. कॅमेऱ्यान मी नि चोरच हाय. हार घालताना माजी सून माज्याकडं बघत होती. ती काय बोलली न्हाय. पन आता पोरीला ती माज्याजवल सोडत न्हाय."

"पण तुम्ही काही ठरवून सोडला नाहीत," मी म्हणाले.

"न्हाय. माजा हात आपोआप गेला. मना नंतर समजला." तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "मग तू काय ठरवून दिलास?"

मी नाही म्हणून मान हलवली. आणि तिथे, पोलीस स्टेशनच्या बाकावर, त्या प्रकारानंतर पहिल्यांदा मला रडू फुटलं. तिनं मला गप्प केलं नाही. तिलाही रडायचं होतं, पण आत तिचं नाव पुकारलं तशी ती डोळे पुसून उठली.

फोटोंमधला एकही चेहरा मला ओळखता आला नाही. हवालदार वैतागले. "अहो, एवढ्या जवळून तुम्ही त्याच्या हातात दिलंत, आणि चेहरा आठवत नाही?" मला त्याचे हात आठवत होते. नखं स्वच्छ कापलेली, फक्त करंगळीचं वाढवलेलं. ते सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. चोर अजूनही सापडलेले नाहीत.

मुलीनंच मला खांदेश्वरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मनोविकाराच्या. बाहेर पाटी बघून मी परत फिरले होते, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. तिनं हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "जीव धोक्यात आहे असं वाटलं की कोण पळतं, कोण मारतं, कोण थिजतं, आणि कोण समोरचा सांगेल ते मुकाट्यानं करतं. तुम्हाला विचारून काही होत नाही ते. विचार करणारा मेंदू मागाहून येतो. आणि मधली जागा रिकामी दिसली की ती आपल्या परीनं भरून टाकतो."

"म्हणजे ते मणी?"

"मंगळसूत्र चोरीला जातं तेव्हा ते ओढलं जातं, असंच तुम्ही आयुष्यभर ऐकलंय. मनानं तेच जोडून घेतलं. तुम्ही कोणाला फसवलं नाहीत."

पटलं मला ते. अगदी शब्दन्‌शब्द पटलं. पण लाजेवर त्याचा उपाय नव्हता. लाज पटण्या-न पटण्याच्या पलीकडे कुठेतरी बसलेली असते. गोळ्या मिळाल्या, झोप लागू लागली, आठवड्याला जाऊन बोलायचं ठरलं. हात हळूहळू माझे झाले.

आणि झोप लागू लागल्यावर एक गोष्ट वर आली. नवरा उरणच्या बाजूला एका गोदामात सुपरवायझर आहे. एके सकाळी तो डबा घेऊन दारात उभा होता. मी रोज म्हणते तेच म्हणाले, "सांभाळून जा." म्हटलं आणि मी दाराची चौकट धरली.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"मी त्यांना हेच म्हणाले होते."

"कोणाला?"

"चोरांना. मंगळसूत्र दिल्यावर. ते गाडीवर बसले तेव्हा. सांभाळून जा म्हणाले मी त्यांना."

हे कॅमेऱ्यात नव्हतं. मी बोलले नसते तर कुणालाही कधी कळलं नसतं.  नवरा बूट काढायच्या स्टुलावर डबा मांडीवर घेऊन बसला.

"मग? ते काय म्हणाले?"

मला तेही आठवलं. "पुढचा म्हणाला, 'हो मावशी.'"

नवऱ्याला हसू आलं. दाबायला गेला, ते जास्तच आलं. खांदे गदगदायला लागले त्याचे. मला हसता येईना. मग माझ्या लक्षात आलं की तो आता हसत नव्हता.

"ती क्लिप मी गोदामात रोज बघायचो," तो खाली मान घालून म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. पुन्हा पुन्हा. पोरं हसायची माझ्यावर. मला वाटायचं, हिनं इतक्या सहज कसं काढून दिलं? म्हणजे हिला त्याचं काहीच नाही की काय? तुला विचारायची लाज वाटायची, आणि तुझीही लाज वाटायची. खरं सांगतो."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

तो त्या दिवशी कामावर उशिरा गेला. नवं मंगळसूत्र अजून केलेलं नाही. त्यानं दोनदा विषय काढला, मी नको म्हटलं. काळ्या मण्यांची साधी पोत आहे गळ्यात, दोऱ्यातली. तिला कडी नाही, डोक्यातून घालायची असते.

शाळेत मुलींचा तास पीटीच्या बाईच घेतात. मी वर वर्गात असते तेव्हा मैदानातून त्यांचं ओरडणं ऐकू येतं. छान ओरडतात. मी खिडकी लावून घेते. त्या विचारणाऱ्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. ती आता दहावीत गेली आहे, जिन्यात दिसली की मान खाली घालते. तिला वाटतं मी तिच्यावर रागावले आहे. रोज ठरवते, आज तिला थांबवू. तोंडाशी आलेलं तिथेच राहतं.

मागच्या महिन्यात मात्र मी त्या आजींच्या घरी गेले. पोलीस स्टेशनच्या बाकावर त्यांनी पत्ता सांगितला होता, 'देवलाच्या मागं, पिवली बिल्डिंग.' खाली भाडेकरू, वर त्या. प्लास्टर निघालं होतं, मनगट थोडं वाकडं बसलंय. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. चोरांविषयी आम्ही एक शब्द काढला नाही. निघताना सून आत होती, तिनं आतूनच सांगितलं, "आई, त्यांना नाक्यापर्यंत सोडून या." नात चप्पल घालून आधीच जिन्यात उभी. सून दारात आली, क्षणभर थबकली, आणि मग पोरीला न थांबवता परत आत गेली.

रस्त्यावर आल्यावर आजींनी नातीचा हात माझ्या हातात दिला. "तू धर," त्या म्हणाल्या, "मी या बाजूनी चालतंय."

दुपारची वेळ होती. नाक्यापर्यंत फार अंतर नव्हतं, तरी मोटारसायकली येत-जात होत्या. एक अगदी जवळून गेली. आवाज लांब जायला लागले. मी पावलं मोजल्यासारखी टाकत राहिले आणि थांबले नाही.

"मावशी," नात म्हणाली, "माझा हात दुखतोय."

मी बघितलं. माझी बोटं पांढरी पडली होती. मी पकड सैल केली, थोडीशीच. नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या. आजींनी माझ्यासाठी एकीला हात केला आणि रिक्षावाल्याला बजावून सांगितलं की बाईंना अगदी दारापर्यंत सोड.